मधल्या थांब्याचं मीठ

ह्यांचा स्वभाव मला लग्नानंतर पहिल्याच आठवड्यात कळला. शेजारच्या खोलीतल्या शिंप्याला खोकला झाला होता आणि त्याची बायको त्याला सारखं गरम पाणी नेऊन देत होती. हे भिंतीला कान लावून बसले आणि म्हणाले, "काय खोकतोय बघ. मुद्दाम." माणूस दुसऱ्याच्या खोकल्यावरही जळू शकतो, हे मला तोवर माहीत नव्हतं.

बाकी माणूस सरळ. व्यसन नाही, आवाज चढवणं नाही, दिलेला शब्द मोडणं नाही. फक्त हेवा. शाळेत ह्यांचा नंबर कायम दुसरा. पहिल्या येणाऱ्या मुलाचं पुढे काय झालं हे ह्यांना अजून पाठ आहे. त्याने घड्याळांचं दुकान टाकलं आणि ते फारसं चालत नाही. एवढं सांगताना ह्यांचा चेहरा असा खुलतो की कुणाला वाटावं, ह्यांचंच दुकान जोरात चाललंय.

आम्ही दोघंही समुद्राच्या कचेरीत कामाला. कचेरी बंदरापासून दोन रस्ते आत आहे. समुद्र दिसतो तो वरच्या मजल्यावरच्या एकाच खिडकीतून, आणि पुढचं सगळं त्या खिडकीपायीच घडलं. हे वर बसून प्रवाह काढतात. मी तळमजल्यावरच्या मीठखोलीत असते.

प्रवाह काढणं म्हणजे समुद्रातलं पाणी कुठे आणि किती वेगाने चाललंय, हे पाण्यात पाय न घालता टेबलाशी बसून सांगायचं. आमची बोट एका रेषेत जाते आणि ठरलेल्या जागी थांबते. प्रत्येक थांब्यावर वरपासून खोलवर निरनिराळ्या ठिकाणचं तापमान मोजते आणि तिथलं पाणी बाटल्यांत भरून घेते. बाटल्यांच्या पेट्या आमच्याकडे येतात. मी यंत्रावर एकेका बाटलीतलं मीठ मोजून आकडे वर पाठवते. गार आणि खारट पाणी जड, कोमट आणि कमी खारट पाणी हलकं. हलकं पाणी फुगून जरा उंच बसतं, जड पाणी जरा दबून राहतं, त्यामुळे सपाट दिसणाऱ्या समुद्रालाही चढउतार असतात. वीत-दोन विती, पण असतात. आता कुणालाही वाटेल की पाणी उतारावरून खाली धावेल. ते धावत नाही. पृथ्वी फिरते आहे ना, ती त्याला बाजूला वळवते, आणि पाणी उताराला आडवं वाहतं, डोंगराच्या कुशीतून पायवाट जाते तसं. दोन थांब्यांमधला उतार काढला की त्यांच्यामधला प्रवाह निघतो. उतार जितका उभा, तितका प्रवाह जोरात. खोल खाली कुठेतरी एक थर हलतच नाही, एवढं मात्र विश्वासाने धरून चालावं लागतं.

हे मला ह्यांनीच समजावलं, लग्नाच्या आधी, बागेतल्या बाकावर बसून. दुसऱ्या कुणी गाणं म्हटलं असतं.

आता धाकटे जावई. म्हणजे माझ्या धाकट्या बहिणीचा नवरा, ह्यांचा साडू. ते कचेरीत नवे लागले तेव्हा ह्यांनीच त्यांना काम शिकवलं, चहाला घरी आणलं, माझ्या बहिणीशी ओळख करून दिली आणि लग्नात पुढे पुढे केलं. तोवर ते ह्यांच्या हाताखाली होते, म्हणून लाडके होते. मग ते शेजारच्या टेबलावर आले आणि ह्यांच्या पोटात दुखायला लागलं.

वर खिडकीशी एकच टेबल आहे. तिथला जुना माणूस निवृत्त झाला आणि साहेबांनी ते टेबल धाकट्या जावयांना दिलं. त्यांना चष्मा लागला होता, उजेड हवा होता. ह्यांना चष्मा नाही. त्या संध्याकाळी हे आरशासमोर उभे राहून वर्तमानपत्र कधी लांब, कधी जवळ धरून बघत होते. मलाही हल्ली नीट दिसत नाही, असं म्हणाले. पलीकडच्या पानावरची बारीक जाहिरात मात्र त्यांनीच मला वाचून दाखवली.

त्याच सुमारास बोट आली. मीठखोली भरली की उरलेल्या पेट्या वरच्या मजल्यावर, जिथे जागा मिळेल तिथे ठेवतात आणि मी त्या एकेक करून खाली मागवते. सगळ्या आल्या, फक्त मधल्या एका थांब्याची पेटी मिळेना. त्या रेषेचं काम ह्यांच्या वाट्याला आलं होतं. पेटीची वाट बघून हे वैतागले. अर्धवट काम माझ्या माथी नको, म्हणाले, आणि साहेबांना सांगून ती रेषा धाकट्या जावयांच्या गळ्यात मारली. बदल्यात त्यांची पुरी झालेली रेषा स्वतःकडे घेतली. घरी आले ते खुशीत. "खिडकीत बसून पेटीची वाट बघ म्हणावं."

काही आठवड्यांनी झाडूवाल्या मावशींनी पेटी आणून दिली. कुठल्याशा अडगळीत सापडली म्हणाल्या. बाटल्या भरलेल्या दिसत होत्या. मी नेहमीसारख्या त्या फडक्याने पुसल्या, मोजल्या, आकडे वर पाठवले. आणि धाकट्या जावयांना नवा प्रवाह सापडला.

एक नाही, दोन सापडले. मधल्या थांब्याच्या एका बाजूने जोरात उत्तरेला जाणारा आणि दुसऱ्या बाजूने तेवढ्याच जोरात दक्षिणेला येणारा. मासे धरणाऱ्या बोटींना जायला एक आणि यायला एक, असा दुहेरी रस्ताच जणू. साहेब हरखले. नवा नकाशा छापायचा ठरला, आणि नकाशा छापून आला की धाकटे जावई विभागप्रमुख होणार, हे कचेरीत शिपायापासून सगळ्यांच्या तोंडी झालं. धाकटीने बैठकीच्या खोलीसाठी नवे पडदे शिवायला टाकले.

ह्यांच्या अंगाचा तिळपापड झाला. जेवायला बसले की दोन घास खाऊन उठायचे. "तो माझा प्रवाह आहे. माझ्या ताटातला घास उचलून मी त्याच्या ताटात टाकला," हे एकच पालुपद. धाकटीने आम्हाला चहाला बोलावलं तर तिथे जाऊन केक कोरडा झालाय म्हणाले. पडद्यांचा रंग उडेल म्हणाले. निघताना साडूचा हात हातात घेऊन, "नशीब लागतं," एवढंच बोलले. धाकटी माझ्याकडे बघत राहिली. मी तरी काय बोलणार? आपलेच दात आणि आपलेच ओठ. आणि खरं सांगायचं तर ते पडदे बघून माझ्याही काळजात बारीकशी कळ आली होती. मी ती बोलून दाखवली नाही, एवढाच ह्यांच्यात आणि माझ्यात फरक.

मग ह्यांनी धाकट्या जावयांच्या सगळ्या आकड्यांची प्रत घरी आणली आणि जेवणाच्या टेबलावर पसरली. आम्ही ताटं मांडीवर घेऊन जेवायला लागलो. चूक सापडलीच पाहिजे, असा ध्यासच घेतला होता. रविवारी दुपारी मी कपडे वाळत घालत होते तेव्हा ह्यांनी आतून हाक मारली.

"हे दोन्ही बघ. जाणारा आणि येणारा. वरपासून खालपर्यंत अगदी सारखे, फक्त दिशा उलट. समुद्र कधी इतका काटेकोर असतो का?"

मला लगेच कळलं नाही. मग ह्यांनी हात आडवा धरून दाखवलं. मधल्या एका थांब्याचं मीठ जर खोटंच जास्त निघालं, तर तिथलं पाणी कागदावर जड होतं आणि समुद्राला तिथे एक खळगा पडतो. खळग्याला अलीकडून एक उतार, पलीकडून एक उतार. त्या दोन उतारांचे दोन प्रवाह, सारख्याच जोराचे आणि एकमेकांच्या उलट. तो एक थांबा पुसला आणि अलीकडचा थांबा पलीकडच्याशी जोडला, की दोन्ही प्रवाह नाहीसे. ह्यांनी ते करूनही बघितलं होतं. तिथे प्रवाह बिवाह काही नव्हता.

असा आनंद मी ह्यांच्या चेहऱ्यावर लग्नाच्या दिवशीही पाहिला नव्हता. मला त्या आनंदाची शरम वाटली. आठवड्याच्या बैठकीत सगळ्यांसमोर उभं राहून हे सांगणार होते, आणि धाकटीच्या पडद्यांचं काय होणार हे मला तिथेच दिसत होतं.

पण मीठ खोटं का निघालं, हे तर दाखवायला हवं. सोमवारी सकाळीच हे मीठखोलीत आले आणि आल्या आल्या मला म्हणाले, तुझं मोजमाप चुकलं. मी म्हटलं, ठरलेल्या मिठाचं पाणी यंत्रात घालून, आकडा बरोबर येतो हे बघितल्याशिवाय मी रोज कामाला हात लावत नाही. यंत्रावर आळ घेऊ नका आणि माझ्यावर तर मुळीच घेऊ नका. मग मांडणीवरून ती पेटी काढली. उरलेलं पाणी आम्ही टाकत नाही, काही शंका आली तर असावं म्हणून. झाकणं उघडून बघितली. आतल्या रबरी चकत्या वाळून कडक झाल्या होत्या, आणि बाटल्यांच्या गळ्याभोवती मिठाची पांढरी कडी धरली होती. अशी कडी मी पहिल्या वेळीही पुसली असणार. बोटीवरचे लोक ओल्या हातांनी बाटल्या धरतात, त्यामुळे थोडं मीठ नेहमीच असतं, म्हणून मनात काही आलं नाही. पण ही कडी आतून आली होती. फटीतून पाणी उडून जातं, मीठ मागे राहतं. डोळ्यांना कळणार नाही इतकं पाणी उडालं तरी आमच्या कामात तेवढ्याने नदी उभी राहते.

ही पेटी उबेला राहिली होती. मी मावशींना हाक मारून विचारलं, नेमकी कुठे सापडली?

मावशी म्हणाल्या, "वरच्या बोळात. कॅन्टीनचा गरम पाण्याचा पाईप जातो ना, त्याला चिकटून. जुन्या खुर्च्यांच्या मागे कुणीतरी नीट सरकवून ठेवली होती."

मी ह्यांच्याकडे बघितलं. तोंड गोरंमोरं झालं होतं. मावशी गेल्यावर मी विचारलं, "तुम्ही?"

"पायात येत होती," हे म्हणाले. "त्याला खिडकी आणि मला पेट्या."

म्हणजे काखेत कळसा आणि गावाला वळसा. टेबल न मिळाल्याच्या रागात पेटी ह्यांनीच बोळात लोटली. ती मिळत नाही म्हणून रेषा साडूच्या गळ्यात मारली. त्याच पेटीतून साडूचा प्रवाह निघाला, आणि त्या प्रवाहापायी हे महिनाभर अन्न गोड लागत नाही म्हणून बसले. मला हसू आलं असतं, पण राग जास्त होता.

आता धरलं तर चावतं आणि सोडलं तर पळतं. बोलावं तर साडू खाली येतो, पण पेटीची गोष्ट निघते आणि स्वतःचीही अब्रू जाते. गप्प बसावं तर साडू विभागप्रमुख होतो, आणि ते तर बघवत नाही. हे खोलीत येरझारा घालत राहिले. मग थांबले. चेहरा एकदम शांत झाला.

"पेटी कशी तापली हे सांगायची काय गरज आहे? मीठखोलीत काहीतरी चुकलं, एवढं सांगितलं की झालं."

"मीठखोलीत मी आहे," मी म्हटलं.

ह्यांच्या हे लक्षातच आलं नव्हतं. खरोखर नव्हतं. हेव्याने माणूस दुष्ट होत नाही, आंधळा होतो, आणि आंधळ्याच्या काठीचा फटका जवळच्यालाच बसतो. मी त्यांना स्पष्ट सांगितलं. माझ्या यंत्रावर आणि माझ्या हातावर खोटा डाग आला, तर मी धाकटीकडे राहायला जाईन आणि त्या नव्या पडद्यांमागे बसून धाकट्या जावयांना रोज चहा करून देईन. त्यानंतर आमच्यात बोलणं बंद झालं.

बैठकीच्या आदल्या दिवशी एका मासेमारी बोटीचा कप्तान कचेरीत आला. नकाशा अजून छापलेला नव्हता, पण बातमी बंदरावर पोचली होती. म्हातारा माणूस, टोपी हातात धरून ह्यांच्याच टेबलाशी उभा राहिला. म्हणाला, जाताना एक प्रवाह ढकलणार, येताना दुसरा ढकलणार, म्हणजे डिझेल कमी भरून जास्त बर्फ नेता येईल, नाही का? माझी बोट जुनी आहे, ओझं सोसत नाही. हे काहीच बोलले नाहीत. कप्तानाला मौन म्हणजे होकार वाटला आणि तो समाधानाने जिना उतरला. हे उठून त्याच्या मागे धावले. त्याला रस्त्यात गाठून म्हणाले, टाकी पूर्ण भरा, मी सांगतो तेवढं ऐका. का, ते सांगितलं नाही. हे मला कप्तानानेच पुढे कधीतरी सांगितलं.

बैठकीला मी मागच्या खुर्चीत बसते. मिठाबद्दल कुणी कधी काही विचारत नाही, पण बोलावतात. साहेबांनी नकाशाचा विषय काढला आणि हे उभे राहिले. मी ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत बसले होते.

"ते दोन्ही प्रवाह खोटे आहेत," हे म्हणाले. "मधल्या थांब्याच्या बाटल्यांतलं पाणी उडालंय. पेटी गरम पाईपला मी लावून ठेवली होती. मीठखोलीची काही चूक नाही."

साहेबांनी विचारलं, असं का केलं?

"खिडकीचं टेबल मला दिलं नाहीत म्हणून."

कुणीतरी हसलं, पण बाकी कुणी त्याला साथ दिली नाही. धाकटे जावई समोरच्या कागदाकडे बघत होते. मला वाटलं होतं, साडू पडला की ह्यांना बरं वाटेल. पण तिकडे ह्यांनी बघितलंसुद्धा नाही. ह्यांची नजर माझ्याकडे होती, शाळेतल्या मुलाने फळ्यावर उत्तर लिहून बाईंकडे बघावं तशी.

नकाशा थांबला. विभागप्रमुखाची जागा रिकामी राहिली. साहेबांनी ह्यांना आत बोलावून चांगलं झापलं, आणि बाहेर आल्यावर लोक ह्यांचा हात धरून वा वा म्हणायला लागले. स्वतःची चूक अशी चारचौघांत कोण सांगतं, म्हणाले. ह्यांना ते कळेचना. महिनाभर जळून जे मिळालं नव्हतं ते आपली लाज चव्हाट्यावर मांडून मिळालं.

संध्याकाळी धाकटे जावई आले, एकटेच. बसा म्हटलं तर बसले नाहीत. चपलाही काढल्या नाहीत.

"दादा, दोन्ही सारखे आहेत हे मला पहिल्याच दिवशी दिसलं होतं. तुम्हीच शिकवलं होतं ना, सारखे दिसले की मधला थांबा तपासायचा. मी तपासला नाही."

हे दाराची कडी धरून उभे होते.

"तुम्ही खिडकीचंसुद्धा सांगून टाकलंत. मला ते मेलो असतो तरी जमलं नसतं. तुमचं हेच मला सहन होत नाही."

"कधीपासून?" ह्यांनी विचारलं.

"मी तुमच्या हाताखाली आलो तेव्हापासून. टेबल मिळालं तेव्हा वाटलं होतं, आता तरी थांबेल."

ते गेले. दार लावून हे आत आले आणि त्या दिवशी दोन वेळा वाढून घेतलं. जेवताना मला विचारलं, तो नेमकं काय म्हणाला, पुन्हा सांग. मी सांगितलं. पुन्हा एकदा विचारलं. माझा असा संताप झाला की मी भांडी जोरात आपटायला लागले. इतकी वर्षं इकडून तिकडे जेवढं वाहत होतं, तेवढंच तिकडून इकडे वाहत होतं, आणि दोन्हीच्या मधे मी आणि धाकटी चहाचे कप सांभाळत बसलो होतो. दोघांच्याही प्रवाहांचं मीठ मीच मोजून दिलेलं. माझा मात्र कधी कुणाला हेवा वाटला नाही, ह्यांनाही नाही, आणि हे तर शिंप्याच्या खोकल्यालाही सोडत नाहीत.

तिथे खरोखर काय आहे हे बघायला बोट पुन्हा त्याच रेषेवर जायची ठरली. साहेब म्हणाले, आता बाटल्या साठवून ठेवायच्या नाहीत, मीठ बोटीवरच मोजायचं. बोटीवर एकच जादा माणूस मावणार होता. दोघंही साडू सावरून बसले. दोघांनीही जन्मभर समुद्राचे हिशोब केले, पण बोटीवर त्यांना कुणी कधी नेलं नव्हतं.

"हिशोबवाल्यांचं तिथे काय काम?" साहेब म्हणाले. "यंत्र ज्यांचं, त्या जातील."

धक्क्यावर सगळे आले होते. धाकटीने स्वेटर विणून आणला होता. माझं यंत्र जुन्या गोधड्यांत गुंडाळून वर चढवत होते आणि मी खालून हमालांना ओरडत होते, हळू, हळू. दोन्ही जावई शेजारी शेजारी उभे होते. कितीतरी दिवसांत ते असे उभे राहिलेले मी पाहिले नव्हते. हे जरा पुढे आले, इकडे तिकडे बघितलं, घसा साफ केला.

"तुझ्या केबिनला खिडकी आहे?"

"आहे," मी म्हटलं. "गोल आहे. उशाशीच."

दोघांनी एकमेकांकडे बघितलं आणि मग माझ्याकडे. दोन्ही तोंडं अगदी सारखी झाली होती, आणि ते तोंड मी चांगलं ओळखते, इतकी वर्षं एका टेबलावर त्याच्यासमोर जेवले आहे. मी स्वेटर अंगात घातला, शिडी चढले आणि वरून हात केला. मला फार बरं वाटत होतं.